तिच्या वतीने

सोमवार, २३ सप्टेंबर २०२४. संध्याकाळी ठाण्याहून कल्याणच्या धीम्या लोकलमध्ये, बायकांच्या डब्यात, चौथ्या सीटवर मी कशीबशी टेकले होते. कळवा मागे पडले आणि डब्यातले मोबाईल एकामागून एक उजळू लागले. बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार केल्याचा आरोप असलेला माणूस पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला होता. ही घटना मुंब्रा बायपासवर घडली होती, म्हणजे ज्या डोंगराचे दिवे त्या क्षणी आमच्या खिडकीतून दिसत होते, त्याच डोंगराच्या अंगावर. मांडीवर पिशवी पसरून गवार मोडत बसलेल्या एका बाईंनी शेजारणीच्या मोबाईलवरून बातमी ऐकली आणि हात न थांबवता म्हटले, “बरं झालं. त्या पोरींच्या आयांना आज झोप तरी लागेल.” दोघीतिघींनी माना हलवल्या. कोणी तरी दीर्घ श्वास सोडला. माझ्याही आत काहीतरी सैल झाल्यासारखे वाटले. पण डोंबिवलीला उतरून बाजारातल्या गर्दीतून घराकडे चालताना ते वाक्य मनातून हलेना. त्या आयांना डब्यातले कोणीच ओळखत नव्हते. त्यांच्या झोपेची खात्री मात्र आम्हा सगळ्यांना होती.

तेव्हापासून ‘पीडितांच्या भावना लक्षात घेऊन’ असे शब्द वाचले की मी थांबते. कायदा कडक करताना, जामिनाला विरोध करताना, आरोपीच्या वयाची अट खाली आणताना, खटला महिन्याभरात उरकण्याची मागणी करताना हेच कारण पुढे येते, आणि आता खटल्यावाचून कोणी मेले तर तेही याच कारणाने साजरे होते. या शब्दांना सहसा कोणी विरोध करत नाही, कारण विरोध करणारा दगडाच्या काळजाचा ठरतो. माझाही विरोध नाही. ज्याच्या घरात गुन्हा घडला, त्याच्या मनाचा विचार न करणारा कायदा मला नको आहे. माझी शंका वेगळी आहे. ज्या भावना आपण पीडितांच्या म्हणून पुढे करतो, त्या पुष्कळदा आपल्या असतात, आणि या अदलाबदलीत आरोपीचे हक्क तर जातातच, पण ज्याच्या नावाने हे सगळे चालते, त्याचे स्वतःचे म्हणणेही त्यात हरवते.

बदलापूरचेच पाहा. त्या मुलींच्या घरच्यांची पहिली मागणी काय होती? आमची तक्रार लिहून घ्या, एवढीच. गुन्हा नोंदवला जावा म्हणून त्यांना पोलीस ठाण्यात कित्येक तास ताटकळावे लागले होते. चार वर्षांच्या लेकरावर काय गुजरले ते अनोळखी माणसांना पुन्हा पुन्हा सांगायचे आणि मग बाकावर बसून राहायचे, हे ज्याने भोगले नाही त्याला त्या तासांची लांबी कळणार नाही. २० ऑगस्टला हजारो लोक बदलापूरच्या रुळांवर उतरले, तेव्हा त्या संतापाच्या मुळाशी हे ताटकळणे होते. मी तो संताप खरा मानते. परंतु त्या दिवशीचे फलक आणि घोषणा आठवून पाहिल्या तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. तक्रार वेळेवर का घेतली नाही, शाळेने काय लपवले, हे प्रश्न बघता बघता मागे पडले आणि ‘फाशी द्या, आत्ताच्या आत्ता द्या’ हा आवाज वर चढत गेला. पहिल्या प्रश्नांना पोलीस, संस्थाचालक, शिक्षण खाते, सरकार अशा अनेकांना उत्तर द्यावे लागले असते. फाशीच्या मागणीला एक माणूस पुरतो.

याच्या नेमके उलटे टोकही महाराष्ट्रानेच पाहिले आहे आणि त्याचा विसर पडू देणे योग्य होणार नाही. मार्च १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या किशोरवयीन आदिवासी मजूर मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. घरची माणसे ठाण्याबाहेर उभी होती आणि ती आत होती. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, नागपूरच्या उच्च न्यायालयाने शिक्षा दिली आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा निर्दोष ठरवले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार झाला नाही, आणि प्रतिकार नाही म्हणजे संमती होती, असा तो हिशेब होता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. माझी मावशी तेव्हा नागपूरला शिक्षिका होती. ८ मार्च १९८० ला ती आयुष्यात पहिल्यांदा मोर्चात चालली. हाताने रंगवलेला पुठ्ठ्याचा फलक तिने पुढे अनेक वर्षे माळ्यावर जपून ठेवला होता. घामाने त्याच्यावरची शाई ओघळली होती आणि ‘मथुरा’ या अक्षरांतला ‘थु’ जवळजवळ पुसला गेला होता. त्या मोर्चाविषयी विचारले की ती भाषण करत नसे. “त्या पोरीला काय वाटलं असेल, हे एकाही पानावर नव्हतं गं,” एवढेच म्हणे.

त्या आंदोलनातून १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यात असताना अत्याचार झाला आणि ‘माझी संमती नव्हती’ असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच धरून चालायचे आणि तसे नसल्याचे आरोपीने दाखवायचे, अशी तरतूद पुराव्याच्या कायद्यात आली. हा बदल आरोपीच्या संरक्षणातून काहीतरी काढून घेतो. सिद्ध करण्याचे ओझे एका मुद्द्यापुरते का होईना, त्याच्या खांद्यावर येते. तरीही मला तो न्याय्य वाटतो, आणि का वाटतो याचा मी पुष्कळ विचार केला आहे. बंद दाराआडच्या त्या खोलीत सगळी सत्ता आरोपीकडे होती, साक्षीदारही त्याच्याच खात्यातले होते आणि त्या मुलीकडे स्वतःच्या शब्दांखेरीज काहीच नव्हते. कायद्याने त्या शब्दांना वजन दिले. कोणालाही कमी पुराव्यावर फासावर द्या, असे त्याने म्हटले नाही. मथुराच्या स्वतःच्या खटल्याचा निकाल मात्र बदलला नाही. तिच्या नावाने पुढच्या बायकांना जे मिळाले, ते तिला कधीच मिळाले नाही.

म्हणून पीडितांचा विचार कायद्यात आला हे चुकले, असे मला म्हणता येत नाही. मला बोचते ते पुढे त्याचे जे झाले ते.

१९८० मध्ये बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशीला अगदी अरुंद वाट ठेवली. दुर्मिळातल्या दुर्मिळ गुन्ह्यातच ती द्यायची, आणि तेव्हाही गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराकडे, म्हणजे त्याचे वय, त्याची परिस्थिती, त्याच्या सुधारण्याची शक्यता यांकडे पाहायचे, असे त्या निकालाने सांगितले. तीनच वर्षांनी, १९८३ च्या मच्छीसिंग निकालात, समाजाच्या सामूहिक सदसद्विवेकाला बसलेला धक्का हाही एक निकष म्हणून आला. डिसेंबर १९९५ मध्ये रावजी खटल्यात तर न्यायालय म्हणाले की शिक्षा ठरवताना पाहायचे ते गुन्ह्याचे स्वरूप आणि गांभीर्य. गुन्हेगार पाहायचा नाही. रावजीला पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, फाशी झाली. तेरा वर्षांनी, २००९ मध्ये, महाराष्ट्रातल्याच संतोष बारियार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की रावजीचा निकाल बच्चनसिंगच्या विरुद्ध जाणारा होता आणि त्याच्या आधारे दिलेले निकालही सदोष होते. ‘समाजाचा आक्रोश’ हे शब्द निकालपत्रात वाचायला भारदस्त वाटतात. पण आक्रोश मोजायचा कसा आणि कोणाचा, हे कोणत्याही कलमात लिहिलेले नाही. जो गुन्हा वाहिन्यांवर पोहोचला त्याचा आक्रोश मोठा; जो तालुक्याच्या वार्ताहराच्या चार ओळींत मावला त्याचा लहान.

त्याच २००९ मध्ये रावजीच्या निकालाचा आधार घेऊन दिलेला एक निकाल नाशिकचा आहे, आणि तो मला गेली काही वर्षे सोडत नाही. जून २००३ मध्ये नाशिकजवळच्या एका शेतवस्तीवर रात्री दरोडा पडला. पाच माणसे मारली गेली, घरातल्या स्त्रीवर आणि पंधरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाले. ती स्त्री आणि तिचा मुलगा जबर जखमी होऊन वाचले. पोलिसांनी भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना पकडले. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. मग एप्रिल २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांचीही फाशी परत आणली. गुन्हा वाचताना अंगावर काटा येतो. त्या घरात त्या रात्री जे घडले त्याला दुसरी कोणती शिक्षा पुरेल, असे न्यायाधीशांना वाटले असेल तर त्यात मला नवल वाटत नाही. निकाल ऐकताना नाशिकमध्ये, मुंबईत, दिल्लीत कोणालाही आपण त्या बाईच्या बाजूने उभे आहोत, असेच वाटले असणार.

मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपला तो निकाल मागे घेतला आणि सहाही जणांना निर्दोष सोडले. त्यांचा गुन्ह्याशी संबंध असल्याचा विश्वसनीय पुरावा नव्हता. सुटका होईपर्यंत सोळा वर्षे गेली होती, त्यांतली बहुतेक फाशीच्या छायेत. त्यांच्यापैकी एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे मध्यंतरी उघड झाले होते. न्यायालयाने राज्याला प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला लावले आणि तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांविरुद्ध चौकशीचे आदेश दिले. मला हादरवले ते त्या निकालातल्या एका तपशिलाने. घटनेनंतर दोनच दिवसांत त्या जखमी स्त्रीला पोलिसांनी सराईत गुन्हेगारांची छायाचित्रे दाखवली होती, आणि तिने त्यांतली चार माणसे ओळखली होती. ती चार माणसे या सहा जणांपैकी नव्हती. त्या चौघांचा पुढे तपासच झाला नाही. ते कुठे गेले, त्यांना विचारले का, काही नाही.

तिच्या वेदनेला सगळ्यांनी मान दिला. तिच्या पहिल्या शब्दाचा पाठपुरावा मात्र कोणी केला नाही.

हे वाक्य मी लिहिले आणि बराच वेळ तसेच ठेवून पाहिले, कारण माझे सगळे म्हणणे त्यात आले आहे असे मला वाटते. आरोपीच्या हक्कांची पायमल्ली झाली आणि पीडितेला न्याय मिळाला, असा सौदा तिथे झालाच नाही. जी प्रक्रिया त्या सहा मजुरांचे रक्षण करू शकली असती, म्हणजे छायाचित्रांची नोंद बचाव पक्षासमोर ठेवणे, दुसऱ्या शक्यता तपासणे, ओळख परेड काटेकोर घेणे, तीच प्रक्रिया त्या स्त्रीला तिच्या माणसांच्या खऱ्या मारेकऱ्यांपर्यंत नेणार होती. आपण कायद्याच्या चर्चेत नेहमी तराजूची दोन पारडी कल्पितो: आरोपीचे हक्क खाली आले की पीडिताचे समाधान वर जाते. नाशिकमध्ये दोन्ही पारडी रिकामी राहिली. सहा घरे उद्ध्वस्त झाली, आणि त्या बाईला सोळा वर्षांनी सरकारी यंत्रणेने सांगितले की तुझा गुन्हेगार कोण, हे आम्हाला ठाऊक नाही.

खैरलांजीचा विचार करतानाही मी याच ठिकाणी येते. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात भय्यालाल भोतमांगे यांची पत्नी सुरेखा, मुलगी प्रियंका, मुलगे सुधीर आणि रोशन यांना जमावाने ठार केले. २००८ मध्ये सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, सहा जणांना फाशी सुनावली. वृत्तपत्रांचे मथळे फाशीचे होते. भोतमांगे आणि त्यांच्याबरोबर उभी राहिलेली दलित चळवळ मात्र पहिल्या दिवसापासून आणखी एक गोष्ट सांगत होती: हा जातीय अत्याचार आहे, त्याला त्याच नावाने ओळखा. अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा ना सत्र न्यायालयाने लावला, ना २०१० मध्ये फाशी बदलून पंचवीस वर्षांचा कारावास देणाऱ्या नागपूर खंडपीठाने. वैयक्तिक सूडातून घडलेला गुन्हा, असेच त्याला म्हटले गेले. भोतमांगे जानेवारी २०१७ मध्ये गेले, तेव्हा त्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पडून होते. त्यांना कडक शिक्षा हवी होती, यात शंका नाही. पण त्यांना सत्य नोंदवलेले हवे होते, आणि ते देणे फाशीचा आकडा जाहीर करण्याइतके सोपे नव्हते, कारण त्यात सहा-आठ माणसांपलीकडच्या समाजाला आरशात पाहावे लागले असते.

दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर जे घडले ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून त्यातली एकच गोष्ट इथे सांगते. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या समितीने अवघ्या एकोणतीस दिवसांत अहवाल दिला. त्या काळात त्यांच्याकडे सुमारे ऐंशी हजार सूचना आल्या. स्त्री संघटना, वकील, विद्यार्थी, स्वतः अत्याचार सोसलेल्या बायका यांचे म्हणणे ऐकून समितीने लिहिले की बलात्काराला फाशी नको आणि अल्पवयीनाची मर्यादा अठराहून खाली आणू नये. वैवाहिक बलात्कार हा गुन्हा ठरवा, पोलिसांना उत्तरदायी धरा, असेही लिहिले. सरकारने काही ठरावीक प्रकरणांत फाशी आणली आणि वैवाहिक बलात्काराची शिफारस बाजूला ठेवली. डिसेंबर २०१५ मध्ये त्या प्रकरणातला अल्पवयीन सुटला आणि दोनच दिवसांनी, २२ डिसेंबरला, सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर गंभीर गुन्ह्यांत प्रौढांप्रमाणे खटला चालवण्याची वाट मोकळी करणारे विधेयक राज्यसभेने मंजूर केले. त्या मुलीचे आईवडील प्रेक्षक सज्जात बसले होते. त्यांना खाली पाहताना मी टीव्हीवर पाहिले आणि मला रडू आले. त्यांच्याविषयी एक कडवा शब्दही माझ्या मनात नाही; माझी मुलगी असती तर मीही तिथे बसले असते आणि मीही तेच मागितले असते. पण खाली सभागृहात बसलेल्यांचे काम वेगळे होते. आईने जे मागितले ते ऐकायचे, आणि तरीही देशातल्या हजारो सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचे, त्यांत बहुतेक गरिबांच्या घरातल्या, काय होईल याचा निर्णय तिच्या डोळ्यांत न पाहता घ्यायचा, हे ते काम होते. सज्जात आई बसलेली असताना ते कोणाला जमणार?

२०१३ च्या शक्ती मिल प्रकरणात मुंबईत हेच कोडे पुन्हा समोर आले. बावीस वर्षांच्या छायापत्रकार मुलीवर सामूहिक अत्याचार झाला आणि त्याच जागी काही आठवड्यांपूर्वी अत्याचार झालेली दुसरी मुलगीही तक्रार घेऊन पुढे आली. दोन्ही खटले बरोबरच चालले, आणि एकातल्या शिक्षेच्या आधारे दुसऱ्यात गुन्ह्याची पुनरावृत्ती धरून एप्रिल २०१४ मध्ये तिघांना फाशी दिली गेली. नोव्हेंबर २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द करून आयुष्यभराची कैद दिली, तीही पॅरोल आणि फर्लो या तुरुंगातून मिळणाऱ्या तात्पुरत्या रजांशिवाय. जनक्षोभाकडे पाहून शिक्षा ठरवता येत नाही, आणि फाशीने पश्चात्तापाची कल्पनाच संपते, अशी भूमिका त्या खंडपीठाने घेतली. घटनेनंतरच्या बातम्यांत त्या मुलीचे म्हणणे आले होते: आरोपींना कडक शिक्षा व्हावी, आणि मला लवकरात लवकर कामावर रुजू व्हायचे आहे. कायद्याने तिच्या म्हणण्याचा पहिला भाग धरून आठ वर्षे युक्तिवाद केले. दुसरा भाग, म्हणजे ती कॅमेरा घेऊन पुन्हा एखाद्या ओसाड गिरणीच्या आवारात निर्धास्तपणे जाऊ शकेल का, हा कोणत्याच न्यायालयाच्या पटलावर नव्हता.

पीडितांना काय हवे असते, हे मी पुस्तकांतून शिकले नाही. माझ्या ओळखीच्या एका बाईंचा एकुलता मुलगा गावातल्या मारामारीत मारला गेला होता, आणि त्यांना सोबत म्हणून मी काही काळ जिल्हा न्यायालयात जात असे. वऱ्हांड्यात एकच लांब लाकडी बाक होता. त्याच्या एका टोकाला त्या बसत आणि दुसऱ्या टोकाला आरोपीची आई. पाण्याच्या टाकीला साखळीने बांधलेला स्टीलचा पेला एकच होता. एकीचे पिऊन झाले की दुसरी उठे. दोघी एकमेकींकडे पाहत नसत. पुकारा होई, पंच आलेले नसत, किंवा सरकारी वकील बदललेले असत, किंवा आरोपीला तुरुंगातून आणायला पोलीस गाडीच मिळालेली नसे, आणि पट्टेवाला पुढची तारीख सांगून दार लोटून घेई. परतीच्या एस.टी.त त्या एकदा म्हणाल्या, “लोक मला सांगतात, फाशी माग. मी मागीन की. पण मला आधी हे कळू दे, शेवटी तो काय बोलला. कुणीच सांगत नाही.”

पुढे ते कळले, आणि ज्या तऱ्हेने कळले ते मी विसरू शकत नाही. सरकारी वकिलांनी साक्षीदाराला घटनाक्रम विचारला, हत्यार ओळखायला लावले आणि बसवले. मग आरोपीचे वकील उभे राहिले. साक्षीदार घटनास्थळी होताच का, याची शंका निर्माण करण्यासाठी ते एकेक बारीकसारीक प्रश्न विचारत गेले: तू किती अंतरावर होतास, उजेड कशाचा होता, तुला ऐकू काय आले. त्या शेवटच्या प्रश्नाला साक्षीदाराने सांगितले की पडलेला मुलगा “माझ्या आईला इथं आणू नका” असे म्हणत होता. न्यायाधीशांनी ते लिहून घेतले. माझ्या शेजारी त्या बाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. आरोपीचा बचाव करण्याचा हक्क नसता, ती उलटतपासणी नसती, तर ते वाक्य त्या माणसाच्या पोटातच राहिले असते. निकाल काय लागला हे मी इथे सांगत नाही, कारण त्या बाईही त्याविषयी क्वचितच बोलतात. त्या वाक्याविषयी बोलतात.

पीडितांना कायद्यात जागा देण्याचे काम आपल्याकडे झालेच नाही, असे नाही. २००९ च्या अखेरीस लागू झालेल्या दुरुस्तीने पीडिताची व्याख्या फौजदारी प्रक्रियेत आली, आरोपी सुटला तर स्वतः अपील करण्याचा, सरकारी वकिलाच्या मदतीला आपला वकील देण्याचा आणि नुकसानभरपाई मिळवण्याचा मार्ग खुला झाला. उत्तर प्रदेशात आंदोलक शेतकऱ्यांना गाडीखाली चिरडल्याच्या लखीमपूर खेरी प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आरोपीच्या जामिनाच्या वेळीही पीडिताचे म्हणणे ऐकले पाहिजे. त्याच वर्षी त्याच न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात दुर्बल साक्षीदारांसाठी स्वतंत्र साक्ष केंद्र उभारण्याचा आग्रह धरला, म्हणजे चार वर्षांच्या मुलीला आरोपीच्या समोरासमोर उभे राहून बोलावे लागू नये. आपल्या राज्यात २०१३ पासून अत्याचार सोसलेल्या स्त्रिया आणि मुलांना आर्थिक मदत देणारी मनोधैर्य योजना आहे. यांतली एकही गोष्ट आरोपीच्या हक्कातून काही काढून घेत नाही. एकीसाठीही मोर्चे निघाले नाहीत, पेढे वाटले गेले नाहीत, कोणाची निवडणूक जिंकली गेली नाही. वऱ्हांड्यात दुसरा बाक टाकणे, तारीख पडणार असेल तर आदल्या दिवशी फोन करणे, तक्रार पहिल्या तासात नोंदवून घेणे, ही कामे पैशाची, माणसांची आणि रोजच्या चिकाटीची आहेत. त्या मानाने आरोपीचा एखादा हक्क कमी करणे फुकट पडते. म्हणूनच, माझ्या मते, सरकारांना तेच पटकन सुचते.

बदलापूरच्या आरोपीचे दफन कुठे करायचे यावरून काही दिवस वाद चालला. एका गावात विरोध, दुसऱ्या गावात विरोध, आणि शेवटी २९ सप्टेंबरला पोलीस बंदोबस्तात उल्हासनगरमध्ये ते उरकले. त्याच्या आईवडिलांनी मुलाच्या मृत्यूची चौकशी मागत उच्च न्यायालय गाठले होते. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल न्यायालयासमोर आला. त्यात त्या मृत्यूला पाच पोलीस जबाबदार धरले गेले आणि स्वसंरक्षणाचा दावा संशयास्पद मानला गेला. फेब्रुवारीत आईवडिलांनी न्यायालयाला सांगितले की आम्हाला हे प्रकरण पुढे चालवायचे नाही, आम्हाला आता झेपत नाही. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने, आईवडील थांबले तरी प्रकरण थांबत नाही, असे म्हणत गुन्हा नोंदवून तपास करण्याचा आदेश दिला. मुलाने जे केले असा आरोप आहे ते भयंकर आहे, आणि तरीही कोठडीत मुलगा गमावलेली आई ही कायद्याच्या अर्थाने पीडितच आहे. तिच्या झोपेविषयी त्या संध्याकाळी कोणी बोलले नव्हते, आणि बोलण्याची अपेक्षा करावी असे ते वातावरणही नव्हते.

आणि त्या दोन मुलींच्या घरांना काय मिळाले? आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला संपतो. कायद्यात तसेच आहे. तो चालला असता तर मुख्य साक्षी झाल्या असत्या, आरोपीच्या वकिलाने शाळेतल्या माणसांना उभे करून पिळून काढले असते, सीसीटीव्हीचे पंधरा दिवसांचे चित्रीकरण गायब असल्याची जी गोष्ट मंत्र्यांनीच सांगितली होती तिची उत्तरे शपथेवर द्यावी लागली असती, मुलींना स्वच्छतागृहात नेण्याचे काम त्या माणसाकडे कोणाच्या सांगण्यावरून गेले, आधी कोणाच्या कानावर काही आले होते का, हे नोंदले गेले असते. इतर आरोपींवरची कारवाई तिच्या मार्गाने चालेल. पण जे घडले ते सगळ्यात जवळून जाणणाऱ्या माणसावरचा खटला, त्यातल्या प्रत्येक प्रश्नोत्तरासह, त्या दोन घरांच्या हक्काचा होता, आणि तो त्यांना न विचारता, त्यांच्याच नावाने, बंद केला गेला.